कापसाचा खोकला

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातील एका रात्री सव्वादोनच्या सुमारास स्वयंपाकघरातून असा काही आवाज आला की घरातली तिन्ही माणसे एकाच वेळी उठून बसली. आमचा कापूस, म्हणजे नऊ वर्षांचा, नऊ किलो वजनाचा पांढरा स्पिट्झ कुत्रा, चारही पाय रोवून, मान पुढे ताणून आणि पाठीची कमान करून खोकत होता. खोकला कोरडा आणि खणखणीत होता, जुन्या रिक्षाचा रबरी भोंगा कोणी तरी थांबून थांबून दाबावा तसा. प्रत्येक उबळीच्या शेवटी ओकारी आल्यासारखे होऊन तोंडातून चमचाभर पांढरा फेस पडत होता. सासूबाईंनी अंथरुणातूनच निदान केले, "याच्या नरड्यात हाड अडकलं दिसते, केळं चारा त्याला." यजमानांनी मोबाइलचा दिवा लावून त्याचा जबडा उघडला आणि बोट आत घालून चाचपून पाहिले, तर आत काहीच नव्हते. उबळ ओसरताच कापसाने अंग झटकले, वाटीतले पाणी पिऊन घेतले आणि तो आपल्या गोणपाटावर जाऊन झोपला. आम्ही तिघे मात्र पहाटेपर्यंत जागे होतो.

बोट घालणे ही आमची पहिली चूक होती. घशात खरोखर काही अडकलेले असेल तर आंधळेपणाने घातलेल्या बोटाने ते आणखी खाली जाण्याची भीती असते आणि घाबरलेला कुत्रा मालकालाही चावतो. शिवाय थोडे शांतपणे पाहिले असते तर बोट घालण्याची गरज नाही हे कळलेच असते. घसा बंद झालेल्या कुत्र्याला श्वासच घेता येत नाही, तो पंजाने तोंड ओरबाडतो, त्याच्या हिरड्या निळसर पडू लागतात आणि अशा वेळी एक मिनिटही दवडण्यासारखे नसते. उलट जो कुत्रा खोकून झाल्यावर शेपूट हलवत पाणी पितो, त्याच्या घशात हाड असण्याची शक्यता फार कमी. हा खोकला हाड अडकल्यासारखा वाटतो, म्हणून रात्री-अपरात्री घाबरून धावत येणारी कुटुंबे आपण नेहमी पाहतो, असे नंतर आमच्या डॉक्टरांनी सांगितले तेव्हा यजमानांनी आपले बोट खिशात घातले.

सकाळी मी दिवसांचा हिशेब मांडला. त्याआधी सहा दिवसांपूर्वी आम्ही अमरावतीचे लग्न आटोपून परतलो होतो आणि त्या चार दिवसांसाठी कापसाला एका ठिकाणी सांभाळायला ठेवले होते. त्या जागेचे नाव लिहीत नाही, कारण दोष अर्धा माझाही आहे. तिथे आठ-दहा कुत्री होती, पाण्याचे टब सामाईक होते, आणि लसीकरणाचे कार्ड त्यांनी आमच्याकडे मागितले नाही तेव्हा 'बरे झाले, घरी जाऊन आणावे लागले नाही' असेच मला वाटले होते. ज्यांनी आपले कार्ड मागितले नाही त्यांनी इतर आठ-दहांचेही मागितले नसणार, हा साधा विचार दारातून परतताना माझ्या मनात आला नाही. कुत्र्यांच्या या संसर्गजन्य खोकल्याला 'केनेल कफ' हे नाव पडले तेच मुळी अशा एकत्र ठेवलेल्या कुत्र्यांवरून. त्यामागे एकच जंतू नसतो. बोर्डेटेला नावाचा जिवाणू, पॅराइन्फ्लुएंझा आणि अ‍ॅडिनो गटातले विषाणू, असे दोघे-तिघे मिळून हा आजार घडवतात. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंतचा काळ जातो. आमचे सहा दिवस त्यात अगदी चपखल बसत होते.

सासूबाईंचे मत मात्र थंडीवर ठाम होते. नागपूरची थंडी लोकांना खरी वाटत नाही, कारण या शहराची कीर्ती मे महिन्यावर उभी आहे. पण डिसेंबर २०१८ च्या अखेरीस इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता आणि त्या आठवड्यात आमच्या प्रतापनगरच्या गल्लीत दिवसासुद्धा शेकोटी पेटलेली होती, हे त्यांना पक्के आठवते. "हा काहून खोकलून राहिला? फरशीवर झोपते म्हणून," असे म्हणून त्यांनी आपली जुनी दुलई त्याच्या गोणपाटाखाली घातली. दुलई योग्यच होती. आजार जंतूंनी आणला होता, थंडीने नव्हे. तरी थंड, कोरड्या हवेने सुजलेली श्वासनलिका आणखी चिडते हेही तितकेच खरे आहे.

खरी चिंता मला औषधांच्या डब्याची वाटली, कारण आपल्या घरांत खोकला ऐकला की हात आपोआप त्या डब्याकडे जातो. यजमानांच्या हातात त्यांची स्वतःची कफ सिरपची बाटली होती आणि "लहान मुलाएवढेच वजन आहे, अर्धा चमचा दिला तर काय होईल" असे ते म्हणत होते. यावर मी थोडे सविस्तर लिहिते, कारण खोकल्यापेक्षा हा अर्धा चमचा अधिक धोक्याचा ठरू शकतो. माणसांच्या सर्दी-खोकल्याच्या अनेक मिश्रणांत पॅरासिटामॉल असते, आणि त्याची मात्रा जास्त झाली तर कुत्र्याचे यकृत आणि रक्त दोन्ही बिघडतात. मांजराला तर त्याची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. नाक मोकळे करणाऱ्या काही औषधांनी हृदयाची गती बेफाम वाढते. साखरविरहित म्हणून कौतुकाने आणलेल्या सिरपमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असेल, तर कुत्र्याच्या शरीरात इन्शुलिन एकदम उसळते, रक्तातली साखर तासाभरात कोसळू शकते आणि पुढे यकृतालाही इजा होते. बाटलीवरच्या बारीक अक्षरांत यांतले नेमके काय आहे हे रात्री दोन वाजता चष्म्याशिवाय वाचणारे आमच्या घरात कोणी नाही, म्हणून ती बाटली मी काढून घेतली.

घरगुती उपायांनाही हाच नियम लावावा लागतो. गुळवेल, आले, लसूण घालून उकळलेला सासूबाईंचा काढा माणसांसाठी उत्तम असेल, परंतु लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, मग ते कच्चे असोत, शिजवलेले असोत की रश्श्यातले. छातीला चोळायचा बाम आणि कापराची पोटली तर अजिबात नको. कुत्रा अंगाला लावलेले सगळे चाटतो, आणि कापूर, निलगिरीचे तेल हे पदार्थ पोटात गेले तर त्याला विषबाधा होते. या संपूर्ण यादीतून डॉक्टरांनी पुढे एकाच गोष्टीला परवानगी दिली, ती म्हणजे कोमट पाण्यात कालवलेला अर्धा चमचा मध, दिवसातून दोन वेळा. आणि तीही कापूस पिल्लू नाही व त्याला मधुमेह नाही एवढ्यासाठीच. सासूबाईंचा मान तेवढ्यावर राखला गेला.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी मी एकच शहाणपणाची गोष्ट केली, ती म्हणजे पहाटेच्या उबळीचे मोबाइलवर चित्रण. दवाखान्यात पोहोचल्यावर कापूस पाऊण तासात एकदाही खोकला नाही. वासाने आणि भीतीने तो इतका सावध झाला होता की तो आजारी आहे यावर कोणाचा विश्वास बसला नसता. डॉक्टरांनी ते चाळीस सेकंदांचे चित्रण दोनदा पाहिले आणि मग विचारायला सुरुवात केली. खोकला रात्री झोपेत येतो की हुंदडल्यावर, पट्टा ओढला गेल्यावर येतो का, पाणी पिताना ठसका लागतो का, कफ ओला वाटतो का, खाणे कमी झाले आहे का. हे प्रश्न वरवर साधे दिसतात, पण निम्मे निदान त्यांतच असते. नाकातून घर्रघर्र आवाज करत हवा आत ओढणे हा तर खोकलाच नसतो, ती उलटी शिंक असते आणि ती बहुधा निरुपद्रवी असते, हेही मला तिथेच कळले. इतकी वर्षे मी त्यालाच कापसाचा 'जुना खोकला' म्हणत होते.

कापसाच्या बाबतीत तीन शक्यता होत्या आणि त्या तिन्ही त्यांनी आमच्यासमोर मांडल्या. पहिली अर्थात संसर्गाची. दुसरी श्वासनलिका चपटी होण्याची: श्वासनलिका ज्या कुर्च्यांच्या कड्यांनी उघडी राहते ती कडी लहान चणीच्या कुत्र्यांत वयानुसार ढिली पडतात, नळी आत बसते आणि हंसाच्या ओरडण्यासारखा खोकला येतो. तिसरी हृदयाची, कारण लहान जातींच्या वयस्क कुत्र्यांत डाव्या बाजूची झडप नीट मिटेनाशी होते, रक्त मागे झिरपते, हृदय मोठे होऊन श्वासनलिकेच्या फांद्यांवर दाब देते आणि पुढे फुफ्फुसांत पाणी साठू लागते. ताप १०३.१ होता, म्हणजे नेहमीच्या १०१ ते १०२.५ या मर्यादेपेक्षा किंचित वर. फुफ्फुसे ऐकायला स्वच्छ होती. घशाखाली हलकेच दाबताच ती भोंग्यासारखी उबळ आली. कल संसर्गाकडे होता. परंतु स्टेथोस्कोप छातीवर जरा जास्त वेळ रेंगाळला आणि मग त्यांनी सांगितले की हृदयाच्या ठोक्यामागे एक बारीक फुसफुस ऐकू येते आहे.

वय आणि ताप लक्षात घेऊन त्यांनी डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा दहा दिवसांचा क्रम दिला आणि खोकला दाबणारे औषध फक्त रात्रीपुरते दिले. मात्रा मी येथे मुद्दाम लिहीत नाही. ती वजनावर ठरते आणि दुसऱ्याच्या कुत्र्याची मात्रा वाचून औषध देणारे लोक आपल्यात पुष्कळ आहेत. तरुण, धडधाकट कुत्र्याचा हा खोकला बहुतेक वेळा एक ते तीन आठवड्यांत आपोआप बरा होतो आणि त्याला प्रतिजैविक लागतेच असे नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. खोकला दाबण्याचे औषधसुद्धा कफ ओला असेल तर देत नाहीत, कारण जे बाहेर पडायला हवे ते आतच राहते.

घरी करायचे काम मात्र वेगळेच होते, आणि त्याचे कारण कळल्यावर ते मला मनापासून पटले. श्वासनलिकेच्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे केस असतात, ते सतत हलत राहून धूळ आणि कफ वर ढकलत असतात, म्हणजे चोवीस तास चालू असलेला झाडूच. बोर्डेटेला नेमका त्या केसांना चिकटतो आणि त्यांची हालचाल थांबवतो. झाडू बंद पडला की आलेला प्रत्येक कण तिथेच बसून राहतो आणि तो बाहेर काढायला खोकल्याशिवाय दुसरा उपाय उरत नाही. जंतू मेले तरी अस्तर पूर्ववत व्हायला वेळ लागतो, म्हणून गोळ्या संपल्यावरही काही दिवस खोकला राहतो. याचा अर्थ असा की घरच्या माणसांनी त्या नळीत नवा कचरा जाऊ द्यायचा नाही. एवढे जमले तरी अर्धी शुश्रूषा झाली.

हे ऐकून घरी आल्यावर मी आमच्या घराची हवा पहिल्यांदाच कुत्र्याच्या उंचीवरून पाहिली. सकाळी देवघरात उदबत्ती, संध्याकाळी आरतीला कापूर, शनिवारी धूप, रात्री डासांची कॉइल, आणि या सगळ्यांच्या वर फोडणी. आमच्याकडे रविवारी पाटोडीचा रस्सा होतो, त्यासाठी लाल मिरच्या, खोबरे आणि खसखस भाजतात, आणि त्या ठसक्याने निरोगी माणूसही खोकत बाहेर पळतो. दोन आठवड्यांसाठी कॉइल बंद करून मच्छरदाणी लावली. उदबत्तीची जागा देवासमोर तेलाच्या दिव्याने घेतली. सासूबाईंनी याला इतक्या सहज होकार दिला की मीच चकित झाले. रविवारचा रस्सा मात्र बंद झाला नाही, त्या वेळी कापूस आणि यजमान या दोघांची रवानगी गच्चीवरच्या उन्हात होत असे. केर काढायचा झाला तर आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे, असेही ठरवले.

फिरण्याची वेळही बदलावी लागली. आम्ही एरवी सकाळी सहाला निघतो, नेमके त्याच वेळी रस्ते झाडणे चालू असते आणि चौकातल्या चौकीदाराची शेकोटी पेटलेली असते. आता आठ वाजता, ऊन आल्यावर, फक्त शी-शूपुरते पाच-सात मिनिटे बाहेर न्यायचे आणि परत आणायचे. धावणे, चेंडू, जिन्यावरची शर्यत सगळे बंद, कारण श्वास जोरात चालला की उबळ येते आणि एका उबळीने सुजलेली नळी पुढच्या उबळीसाठी तयार होते. गळ्यातला पट्टा काढून छातीभोवती बांधायचा हार्नेस घेतला. सीताबर्डीतल्या दुकानात तो घालून पाहताना कापसाने जमिनीवर लोळण घेतली आणि आणखी कोणी आपल्याला हात लावू नये अशी व्यवस्था केली, तरी त्या एका बदलाने दिवसातल्या निम्म्या उबळी कमी झाल्या असे माझी वही सांगते. नळी चपटी होण्याची शंका असलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा पुन्हा घालू नये असे डॉक्टरांनी बजावले होते, त्यामुळे तो जुना लाल पट्टा आता खुंटीवरच आहे.

गल्लीतल्या कुत्र्यांचा प्रश्न अधिक अवघड होता. शेजारच्या काकू रोज रात्री पाच-सहा भटक्या कुत्र्यांना पोळी घालतात आणि त्यांतली दोन आमच्या फाटकापाशी कापसाशी नाकाला नाक लावून जातात. हा खोकला शिंतोड्यांनी, एकमेकांच्या भांड्यांनी आणि हातांनीही पसरतो. मी काकूंना सगळे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तुझा खोकलते म्हणून माझ्याइले उपाशी ठेवू का?" मग तोडगा निघाला: त्यांचे पोळी घालणे गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या फाटकाला आतून पत्रा, आणि कापसाच्या वाट्या घासून झाल्यावर माझे हात साबणाने धुऊन मगच फाटकाची कडी. खोकला थांबल्यावरही काही कुत्री आठवडेच्या आठवडे जंतू बाहेर टाकत असतात, म्हणून तो पत्रा आम्ही जानेवारीच्या शेवटापर्यंत ठेवला. काकूंच्या एकाही कुत्र्याला खोकला झाला नाही, ही माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली सर्वांत समाधानाची गोष्ट आहे.

माणसांना हा आजार सहसा होत नाही. क्वचित, ज्यांची प्रतिकारशक्ती फार घटलेली आहे अशांना बोर्डेटेलाची बाधा होऊ शकते, म्हणून सासूबाईंच्या पलंगावर चढण्याची कापसाची जुनी सवलत तीन आठवड्यांसाठी स्थगित करण्यात आली. ती स्थगिती दोघांपैकी कोणी किती पाळली याची चौकशी मी केली नाही.

खाण्याचे फार सांगण्यासारखे नाही. कोरडे दाणे घशाला खरखरतात, म्हणून ते वीस मिनिटे कोमट पाण्यात भिजवून द्यायचे. वास यावा म्हणून वर थोडा अळणी चिकनचा पाणीदार रस, त्यात कांदा-लसूण नाही आणि हाडाचा तुकडाही नाही. हंगाम संत्र्यांचा असल्याने घरात टोपलीभर संत्री होती, आणि ती खाल्ल्यानेच खोकला झाला असा एक पक्ष दुसऱ्या दिवसापासून घरात उभा राहिला. बी आणि साल काढलेल्या एखाद-दुसऱ्या फोडीने कुत्र्याला काही होत नाही, परंतु खोकल्याच्या काळात आंबट कशाला, एवढ्यावर मी तो वाद मिटवला. नागपुरात संत्र्याची बाजू घेण्यातही एक जबाबदारी असते.

वाफ मात्र नीट द्यावी लागते. उकळते पाणी भांड्यात घेऊन कुत्र्याला डोक्यावर टॉवेल टाकून बसवणे म्हणजे भाजण्याला आमंत्रण आहे. आम्ही न्हाणीघराचे दार-खिडकी बंद करून गिझरचे गरम पाणी दोन बादल्यांत सोडायचो, खोली वाफेने भरली की मी स्टुलावर आणि कापूस माझ्या पायांशी, असे दहा मिनिटे बसायचो. पाण्यात काहीही घालायचे नाही, निलगिरी नाही, बाम नाही. धाप लागायला लागली तर लगेच बाहेर यायचे. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना अशा उष्ण, दमट खोलीत दम लागू शकतो, म्हणून पगवाल्या मैत्रिणीला मी हा उपाय सांगितला नाही. वाफेनंतर पाच-सहा मिनिटांत त्याला दोन-तीन मोठे खोकले यायचे, कफ सुटायचा आणि मग दोन तास शांत झोप लागायची. अंग पुसून कोरडे केल्याशिवाय त्याला थंडीत सोडायचे नाही, हे सासूबाईंचे कलम मी निमूटपणे मान्य केले.

याच काळात नणंदेचा मुलगा सुटीला आला, त्याला दमा आहे आणि त्याचा इनहेलर दिवाणावर पडलेला असायचा. कुत्र्याने चावून तो फोडला तर शंभरएक फवाऱ्यांचे औषध एकदम तोंडात जाते, हृदय धडधडत सुटते आणि रक्तातले पोटॅशियम खाली येते. सुदैवाने कापूस तोंडात इनहेलर धरून पळत असतानाच सापडला. त्यानंतर तो इनहेलर फ्रिजच्या वर गेला. भाच्याचे वाफेचे यंत्र कापसाला लावावे का, असाही विषय निघाला. नुसते सलाइन घालून ते डॉक्टर सांगतात तेव्हा वापरता येते, पण मुलाच्या औषधाची कुपी त्यात घालून नव्हे, हे विचारून घेतले.

गोळीबद्दल एकच सांगते. डॉक्सिसायक्लिन कोरडे गिळले तर अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करू शकते, म्हणून ते खाण्याबरोबर द्यायचे आणि वर पाणी पाजायचे. पनीरच्या गोळ्यात भरून दिलेली गोळी कापूस तीन दिवस निमूट खात होता. चौथ्या दिवशी दुलई झटकली तेव्हा तीन गोळ्या खाली पडल्या. त्यानंतर गोळी जिभेच्या मागे ठेवून, तोंड मिटवून, घसा चोळून आणि पिचकारीने पाच मिलिलिटर पाणी गालाच्या कडेने हळूहळू सोडून देऊ लागलो. पाणी सरळ घशात मारले तर ते फुफ्फुसात जाऊ शकते. डॉक्टरांना फोन करून खरे सांगितले, त्यांनी क्रम पहिल्यापासून मोजायला लावला.

आता त्या फुसफुसीचे. हृदयाची शंका असलेल्या कुत्र्याच्या घरी एक काम रोज करता येते आणि त्याला पैसा लागत नाही, ते म्हणजे झोपेतले श्वास मोजणे. कुत्रा गाढ झोपलेला असावा, स्वप्नात पाय हलवत नसावा, नुकताच खेळून किंवा उन्हातून आलेला नसावा. छाती वर जाऊन खाली आली की एक, असे पूर्ण एक मिनिट मोजायचे. तीसच्या आत असेल तर ठीक. सलग तीसच्या वर जाऊ लागले, किंवा रोजच्या आकड्यापेक्षा ठळकपणे वाढले, तर खोकला असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे, कारण फुफ्फुसांत पाणी साठू लागल्याची ती पहिली खूण असू शकते. दारामागे लटकवलेल्या वहीत मी रोज रात्री चार गोष्टी लिहू लागले: श्वासांचा आकडा, उबळींची संख्या, ताप आणि खाणे. ताप गुदद्वारात डिजिटल थर्मामीटर घालूनच कळतो. नाक कोरडे आहे की ओले यावरून काहीही समजत नाही, आणि कुत्र्याचे अंग आपल्यापेक्षा मुळातच गरम असल्याने हाताचा अंदाज हमखास चुकतो.

वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या धोक्याच्या खुणा यजमानांनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवल्या होत्या. हिरड्या निळसर किंवा पांढुरक्या, बसल्या जागी तोंड उघडून धाप, कोपरे बाहेर काढून आणि मान ताणून श्वास घेणे, गुलाबी फेस, भोवळ, ताप १०३.५ च्या वर, चोवीस तास अन्न नाही: यांपैकी काहीही दिसले तर घड्याळ न पाहता निघायचे. पिल्लाला खोकल्याबरोबर डोळ्या-नाकातून चिकट स्राव येत असेल आणि त्याच्या लसी झालेल्या नसतील, तर तो डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा घातक विषाणूजन्य आजार, असू शकतो आणि तिथे घरगुती शुश्रूषेला जागाच नाही, ही ओळ मात्र मी काकूंसाठी वेगळ्या कागदावर उतरवून दिली.

आमच्यावर घड्याळ न पाहता निघण्याची वेळ आली नाही. वहीप्रमाणे चौथा दिवस सर्वांत वाईट, त्या दिवशी एकतीस उबळी. सहाव्या दिवशी ताप १०१.८, नवव्या दिवशी अकरा उबळी, सतराव्या दिवशी एक, तीही दारावरच्या घंटीला भुंकल्यामुळे. खोकला पूर्ण थांबल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही सेमिनरी हिल्सवरच्या, १९५८ साली सुरू झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात छातीचा क्ष-किरण काढून घेतला. हृदय अद्याप मोठे झालेले नाही, श्वासनलिका एका जागी किंचित अरुंद आहे. औषध काही नाही. वजन अर्धा किलो कमी करायचे, हार्नेस कायम ठेवायचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचे.

दरवर्षीच्या एकत्रित लसीत पॅराइन्फ्लुएंझा आणि अ‍ॅडिनो येतात, बोर्डेटेला बहुधा येत नाही; ती लस वेगळी, नाकात थेंब सोडून देता येते. त्याने खोकला होणारच नाही असे नाही, झाला तर सौम्य होतो. कापसाला ती फेब्रुवारीत दिली. थेंब नाकात पडताच त्याने इतक्या जोराने शिंक दिली की अर्धी लस डॉक्टरांच्या चष्म्यावर गेली असावी असे मला वाटले, पण त्यांनी पुरेशी आत गेल्याचे सांगितले. एप्रिलमध्ये अकोल्याला मुंज आहे, त्या वेळी कापूस कुठेही जाणार नाही. सासूबाईंनी प्रवासाला नकार देऊन त्याच्याजवळ राहायचे ठरवले आहे आणि श्वास कसे मोजायचे ते त्या रोज रात्री माझ्याकडून शिकत आहेत. काल त्यांचा आकडा अठरा होता, माझा बावीस. त्या मध्येच डुलकी घेतात.